चित्राचं वय चित्रात नसतं

श्रोतेहो, नमस्कार.

आदिमानवाच्या कलेचा अभ्यास म्हटलं की गुहेत शिरायचं, भिंतीवरचे बैल-घोडे न्याहाळायचे आणि त्यांचा अर्थ लावायचा, असंच बहुतेकांना वाटतं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण श्रोत्यांना सांगावंसं वाटतं, की अर्थाची पाळी फार उशिरा येते. आधी वय ठरवावं लागतं, आणि चित्राचं वय चित्राकडे बघून कळत नाही.

नजरेवर भिस्त ठेवली की काय होतं? स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावरचे गवे १८७९ साली उजेडात आले. ते इतके सफाईदार होते, की आदिमानवाच्या हातून हे होणं शक्यच नाही, असं मोठमोठ्या अभ्यासकांनी ठरवून टाकलं. त्यांतल्या एमिल कार्तेलाक यांनी १९०२ साली आपली चूक जाहीर कबूल केली. तोवर ही चित्रं जगापुढे आणणारे साउतुओला यांना जाऊन १४ वर्षं झाली होती. पुढे शैलीवरून क्रम लावायची रीत पडली: ओबडधोबड ते आधीचं, रेखीव ते नंतरचं. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये शोवे गुहा सापडली. तिथल्या सिंह-गेंड्यांना छटा देऊन उठाव आणलेला आहे आणि कोळशाच्या कालमापनातून वय निघालं सुमारे ३६,००० वर्षं. शैलीचा तो जिना तिथेच कोसळला.

मग वय काढायचं कसं? काळी रेघ दिसली की पहिला प्रश्न असा, की ती कोळशाची आहे का. कोळशातला किरणोत्सारी कार्बन काळानुसार घटत जातो, आणि किती उरलाय त्यावरून वय निघतं. मँगनीजच्या खनिजाचा काळा रंगही डोळ्यांना हुबेहूब तसाच दिसतो, पण त्यात मोजायला कार्बनच नसतो. तांबडा गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, तिथेही तीच अडचण. म्हणून आधी हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रानं, भिंत न खरवडता, रंगातली मूलद्रव्यं बघायची. कोळसा निघालाच तरी हुरळून जाऊ नये. ४०,००० वर्षांच्या कोळशात मूळच्या किरणोत्सारी कार्बनचा शंभरावा हिस्साही उरलेला नसतो. त्यात आजचा कार्बन फक्त १ टक्का मिसळला, तर वय साडेसहा हजारांहून अधिक वर्षांनी कमी भरतं. हा नवा कार्बन येतो मुळांतून, बुरशीतून, मातीत मुरलेल्या पाण्यातून. तो काढण्यासाठी प्रयोगशाळेत आम्ल, अल्कली आणि पुन्हा आम्ल अशी धुलाई करतात, आणि नमुना मुळात चिमूटभर असेल तर धुलाईतच संपतो. शिवाय कोळशाचं वय म्हणजे लाकडाचं वय. शेकडो वर्षं पडून राहिलेल्या लाकडाचा कोळसा कोणी उचलला असेल, तर चित्र त्याहून नवं.

चुनखडीच्या गुहेत आणखी एक वाट असते. भिंतीवरून झिरपणाऱ्या पाण्यातून कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा, पापुद्रा चित्रावर चढतो. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ नाहीच. म्हणजे पापुद्रा धरला तेव्हा त्यात थोरियम नव्हतं. आज जे सापडतं ते युरेनियमपासून तिथेच तयार झालेलं. दोघांचं प्रमाण मोजलं की पापुद्र्याचं वय निघतं. कार्बनची मजल साधारण ५०,००० वर्षांपर्यंत, ही पद्धत ५ लाखांच्या आसपास पोचते.

हे काम प्रत्यक्षात असं चालतं. पापुद्रा थेट रंगावर बसलेला हवा आणि त्याच्या कडेखाली रंग शिरताना दिसायला हवा. शस्त्रक्रियेच्या बारीक पात्यानं वरचा थर हलकेच खरवडायचा, भुकटी एका कुपीत. मग त्याखालचा थर, दुसऱ्या कुपीत. खाली रंगाचा पहिला कण चमकला की हात थांबलाच पाहिजे. प्रयोगशाळेतून आकडे आले की आत जाल तसं वय वाढत गेलेलं दिसायला हवं. क्रम उलटा आला, तर पाण्यानं मधल्या काळात युरेनियम वाहून नेलंय असं समजावं. तो नमुना सरळ बाजूला ठेवावा. धुळीबरोबर आलेलं थोरियमही वय फुगवतं, त्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. एवढं सगळं करून हाती लागतं ते किमान वय. पापुद्रा धरण्याआधी चित्र किती काळ उघडं होतं, हे त्यातून निघत नाही. अहवालातला 'किमान' हा शब्द कोणी गाळला, तर तो अहवाल चुकला.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचे शैलाश्रय वालुकाश्मातले. तिथे असा पापुद्रा सहजी मिळत नाही, म्हणून कोणतं चित्र कोणावर चढलंय, हा वर-खालीचा क्रम फार मोलाचा ठरतो.

आणि भिंतीइतकंच जमिनीकडेही लक्ष हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेतला तो प्रसिद्ध दगड बघा. लांबी जेमतेम ४ सेंटीमीटर, त्यावर गेरूच्या ६ समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या ३. हे रेखाटन ७३,००० वर्षांपूर्वीचं. उत्खननाच्या खड्ड्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दगडाच्या कपच्या धुऊन तपासताना दिसलं. रेघा काठावर एकदम तुटतात, म्हणजे मूळ रेखाटन याहून मोठं असावं. त्याचं वय ठरलं ते ज्या थरात तो होता त्या थरावरून. वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हेही मोजता येतं. त्यासाठी खड्ड्याच्या भिंतीत धातूची नळी ठोकून, दोन्ही तोंडं काळ्या आवरणानं बंद करून नमुना काढायचा. क्षणभर उजेड लागला की मोजणी वाया.

म्हणून या पेशात येताना पुरातत्त्वाबरोबर भूशास्त्र आणि थोडं रसायनशास्त्र जरूर घ्या. चित्रकलेची जाण हवीच, पण थर वाचता येत नसेल तर ती एकटी पुरत नाही. पहिली काही वर्षं थापी, ब्रश, चाळणी आणि नोंदवही यांतच जातात. ती वाया गेली असं मानू नका. भिंतीची नोंद करताना एकमेकांवर चढणारे फोटो घ्या, प्रत्येकात मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा, बाजूनं तिरपा उजेड टाका म्हणजे कोरलेल्या रेघा उठून दिसतात. पुसट गेरू संगणकावर रंग ताणून वर काढता येतो. पूर्वी चित्र स्पष्ट दिसावं म्हणून त्यावर पाणी मारत, खडूनं कडा गिरवत. त्यानं क्षार वर येतात, रंग सुटतो आणि नमुनाही बिघडतो. माणसाचा नुसता श्वासही पुरतो: फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली, कारण भिंतींवर हिरवं शेवाळ धरू लागलं होतं.

आणखी एक. हाती आलेला पापुद्रा सगळा वापरून टाकू नका. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर बुलु सिपोंग गुहेत शिकारीचा एक देखावा आहे. २०१९ मध्ये त्याचं किमान वय ४३,९०० वर्षं सांगितलं गेलं. भुकटीत बाहेरचं नवं आणि आतलं जुनं कॅल्साइट एकत्र होतं. पुढे लेसरनं पापुद्र्याचा छेद बारकाईनं मोजला, रंगाला अगदी लागून असलेला भाग वेगळा वाचता आला, आणि २०२४ मध्ये त्याच देखाव्याचं किमान वय ४८,००० वर्षं ठरलं.

नमस्कार.