कार्डावरची आडवी रेघ

(दृश्य: उंच इमारतीची खिडकी. बाहेर काढलेल्या बांबूच्या काठीवर कपडे वाळताहेत.)

हे माझं सिंगापूरमधलं घर. सरकारी इमारत, अकरावा मजला. काठीवर वाळतोय तो साताऱ्याहून आणलेला पंचा, आणि त्याच्या शेजारी आहे तो माझ्या चिनी सासूबाईंचा फुलाफुलांचा सदरा.

(दृश्य: जेवणाचं टेबल. त्यावर गुलाबी ओळखपत्र. नाव आणि नंबर अंगठ्याखाली झाकलेले.)

या आठवड्यात माझ्या लेकीचं ओळखपत्र आलं. इथे पंधराव्या वर्षी ते काढावं लागतं. नाव, जन्मतारीख, आणि एक रकाना वंशाचा. तिच्या रकान्यात लिहिलंय, चायनीज-इंडियन.

ही मधली आडवी रेघ बघा. २०११च्या आधी ती नव्हती. पूर्वी मुलाचा वंश सरसकट बापावरून लागायचा. १ जानेवारी २०११पासून आईबापांना दोन्ही शब्द लावायची मुभा मिळाली, आणि लेक आमची त्याच वर्षीची. नोंद करताना नवऱ्याने विचारलं, "तुझा शब्द आधी लावू या का?" मी म्हटलं, नको. सरकारी घराच्या हिशेबात पहिलाच शब्द धरतात. इमारतीत चिनी घरांना जागा जास्त, आपल्याला कमी. उद्या पोरीला घर घ्यायचं असेल तर अडायला नको. जेमतेम आठवड्याचं लेकरू मांडीवर, आणि आम्ही तिच्या घराची काळजी करत होतो.

तो हिशेब असा. १९८९पासून इथल्या सरकारी इमारतींत कोणत्या वंशाची किती घरं असावीत, यावर मर्यादा आहे. भारतीय आणि 'इतर' मिळून एका इमारतीत १५ टक्क्यांच्या वर नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण २१ जुलै १९६४ला या बेटावर चिनी-मलय दंगल पेटली, माणसं मेली. आपापल्या वस्त्यांत राहणारे लोक एकमेकांना ओळखतच नव्हते. आज माझ्या मजल्यावर ईदचे डबे येतात, दिवाळीच्या चकल्या जातात. हे आपोआप झालेलं नाही, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही.

(दृश्य: शाळेतला जुना फोटो. चिमुकली मुलं, रंगीबेरंगी कपडे.)

त्याच २१ जुलैला शाळांतून वांशिक सलोखा दिन होतो. मुलं आपापल्या पारंपरिक पोशाखात येतात. लेक दुसरीत होती. तिने लाल चिओंगसाम, म्हणजे चिनी पद्धतीचा झगा घातला, पायांत माझ्या आईने पाठवलेले पैंजण, कपाळावर चंद्रकोर. फोटोसाठी बाईंनी रांगा केल्या: चिनी, मलय, भारतीय, इतर. फोटोत बघा, ती मलय मुलींच्या रांगेत उभी आहे. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझी मैत्रीण तिथे होती ना."

त्या दिवशी मी हसले. पण मनात धाकधूक होतीच. दोनच वर्षांपूर्वी, २०१७ला, राष्ट्राध्यक्षपद मलय समाजासाठी राखीव होतं आणि हलीमा याकूब बिनविरोध निवडून आल्या. वडील भारतीय मुस्लिम, आई मलय. एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईबद्दलही लोक बोलत राहिले, की त्या पुरेशा मलय आहेत का. माझ्या पोरीलाही कोणी असंच तराजूत घालेल, ही भीती मला तेव्हापासून आहे.

आणि एक सांगते, जे मला सगळ्यात जास्त लागतं. शाळेत इंग्रजीबरोबर 'मातृभाषा' हा विषय सक्तीचा. ती ठरते वंशावरून. चिन्यांना मँडरिन, मलयांना मलय. भारतीयांना तमिळ, किंवा हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू. यादीत मराठी नाही. लेक मँडरिन शिकते. विषयाचं नाव मातृभाषा, आणि आईची भाषा त्यात कुठेच नाही.

मला वाटायचं, हे दुखणं माझं एकटीचं. मग एकदा सासूबाई बोलल्या. त्यांची भाषा होक्कियन, चिनीच, पण मँडरिनहून वेगळी. १९७९ला मँडरिन बोलण्याची मोहीम सुरू झाली, आणि हळूहळू रेडिओ-टीव्हीवरून होक्कियन हद्दपार झाली. त्यांच्या स्वतःच्या नातवंडांना ती नीट येत नाही. म्हणजे कार्डावर रेघेच्या अलीकडे चायनीज, पलीकडे इंडियन. आणि ज्या दोन भाषांत या पोरीला न्हाऊमाखू घातलं, त्या दोन्ही कार्डाच्या बाहेर.

(दृश्य: स्वयंपाकघर. सासूबाई पालेभाजी निवडताहेत.)

बारशाला माझा भाऊ साताऱ्याहून आला होता. मामा म्हणजे कोण, हे सासूबाईंना समजावायला मी इंग्रजीत 'अंकल' म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आईचा भाऊ? म्हणजे आकू." लगेच त्यांनी खुर्ची पुढे ओढून त्याला मानाने बसवलं. त्यांच्यात म्हण आहे, आभाळात देवराजा, जमिनीवर मामा. इंग्रजीला काका-मामांतला फरक कळत नाही. होक्कियनला तो आपल्याइतकाच कळतो. त्या दिवशी मी या घरात खरी रुळले.

(दृश्य: टेबलावर मोबाइल. पडद्यावर साताऱ्याची आजी.)

काल रात्री लेकीने आजीला फोन लावला. कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मराठीत सांगायला लागली, वंश म्हणजे काय, रेघ कशाला. आजीने चष्मा वर केला.

"ते राहू दे गं बाळा. फोटो नीट आलाय का? केस का नाही विंचरलेस?"

शेजारून सासूबाईंनी विचारलं, "ई कोंग सिमी?" काय म्हणते ती?

लेकीने सांगितलं, मोडक्यातोडक्या होक्कियनमध्ये. सासूबाईंनी कार्ड हातात घेतलं, फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि मान डोलावली. केस खरंच विंचरलेले नव्हते.