वाळवंटातला वाफसा

मित्रहो, मागे बसलेल्या शेतकरी मंडळींसाठी आधी पावसाचा हिशेब सांगतो. जैसलमेर भागात वर्षाकाठी साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्यांना कायमचे दुष्काळी तालुके म्हणतो, तिथेही याच्या दुप्पट-तिप्पट पडतो. तरीही त्या मुलखात शतकानुशतकं गहू पिकत आलाय. पेरल्यापासून कापणीपर्यंत विहिरीचं किंवा कालव्याचं एकही पाणी त्याला देत नाहीत.

हा गहू खडीनातला, म्हणजे पावसाचं पाणी बांधाने अडवून जमिनीत मुरवलेल्या शेतातला. पंधराव्या शतकाच्या सुमारास पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत तिथे बसवली असं मानतात. त्यांचं ओस पडलेलं कुलधरा गाव आज लोक भुताचं गाव म्हणून बघायला जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांनी वाळूत गहू उभा केला, त्यांच्या गावात जाऊन आपण शेताचं काही विचारत नाही.

खडीनाची रचना अशी. वर खडकाळ, उताराचा माळ आणि खाली सखल रान. रानाच्या खालच्या अंगाला मातीचा बांध, काही ठिकाणी 300 मीटरपर्यंत लांब, आणि त्यात सांडवा. तिकडे सांडव्याला नेष्टा म्हणतात. माळावर पाऊस पडला की खडकात पाणी मुरत नाही, ते खाली धावतं. येताना गाळ आणतं, चरून गेलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या आणतं, आणि बांधाला अडून पसरतं. खत वेगळं टाकावं लागत नाही. जास्तीचं पाणी नेष्ट्यावरून जातं, बाकीचं जमीन पिते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरलं की काठाचं रान आधी मोकळं होतं, मधलं मागाहून, आणि पाण्याच्या मागोमाग पेरणी आत सरकते. गहू आणि हरभरा. पाऊस थोडाच झाला आणि खडीन भरलं नाही, तर खरिपातच बाजरी, गवार घेऊन मोकळे होतात.

नोव्हेंबरात मी अशा एका खडीनात उभा होतो. वरची माती भेगाळलेली, पायाखाली कुरकुरत होती. मला वाटलं, संपली ओल. सोबतच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने काठीने वीतभर उकरलं आणि मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. दाबली तर तिचा लाडू वळला. तळहाताला गार लागली. मी हातातली माती बराच वेळ टाकली नाही. ऐन वाळवंटात, भर उन्हात, तो शुद्ध वाफसा होता, पेरणीजोगी ओल!

ही विद्या आपल्याला परकी नाही. मंगळवेढ्याची ज्वारी अशीच साठवलेल्या ओलीवर येते. पण तिथे काळी जमीन आपणहून ओल धरते, आणि जैसलमेरला ती माळावरून आणावी लागते. म्हणून तिथला खरा हिशेब माळाचा. एक हेक्टर पिकासाठी वर साधारण 11 ते 15 हेक्टर माळ राखतात. नांगरायचा नाही, खणायचा नाही. आपल्याला तो माळ पडीक दिसतो. सरकारी कागदांवरही अशा जमिनी पडीकच असतात, आणि तिथे खाण किंवा प्रकल्प आला की खालचं खडीन कोरडं पडतं. बांध शाबूत असतो, पण त्याच्यापर्यंत पाणीच येत नाही.

हे मी नुकसान करून शिकलो. आपल्याकडच्या एका माळाखाली मी असाच बांध घातला होता. मोजमाप केलं ते फक्त खालच्या रानाचं. वरचा पाणलोट मोजला नाही, सांडवा अरुंद ठेवला. भाद्रपदात एका रात्रीच्या पावसाने बांध फुटला आणि खालच्या शेजाऱ्याची उभी तूर गाळात गेली. सकाळी त्याच्यासमोर उभं राहताना मला शब्द सुचेना. त्या वर्षीची तूर त्याला मी भरून दिली, पण त्याच्या रानातली चांगली माती वाहून गेली ती गेलीच.

झाडाबद्दल थोडंसं. तिकडे शेताच्या मधोमध खेजडी उभी असते आणि शेतकरी तिला तोडत नाही. ही आपलीच शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते, पाला शेळ्या खातात, आणि तिच्याखाली बाजरी चांगली वाढते. याच झाडांसाठी 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. आपण मात्र बांधावरची झाडं सावली पडते म्हणून काढतो.

ज्यांना आपल्या रानात हे करून बघायचंय, त्यांनी या वर्षी बांध घालू नये. पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन माळावर जा. पाणी कुठून उतरतं, कुठे थांबतं ते बघा आणि तिथे तिथे खुंट्या ठोका. खाली ज्याचं रान आहे त्यालाही सोबत न्या. बांध कुठे घालायचा ते त्या खुंट्या बघून पुढच्या उन्हाळ्यात ठरवू. मी येईन.