शेतातला गांडूळ, रानातला गांडूळ
(इंदुरातील व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘परके गांडूळ आणि जंगलातले सूक्ष्मजीव’. तिकडे वळतोच. पण इंदुरात मातीवर बोलायचं आणि हॉवर्ड-वाड यांना वगळायचं, हे मला जमणार नाही. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री निघाली. आज त्या जागी आपलं कृषी महाविद्यालय आहे. अल्बर्ट हॉवर्ड तिथले संचालक, सोबत रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, वेळच्या वेळी उलटायचे, तीन महिन्यांत खत तयार. जग याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतं. स्वच्छतेत पहिला नंबर आला की आपण पेढे वाटतो, वाटावेतच; पण वाडांच्या नावाचा साधा चौकसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. हे मला लागतं.

त्या ढिगात आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. हॉवर्ड पुढे झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीचे, मायकोरायझाचे, खंदे पुरस्कर्ते झाले. एवढं ध्यानात ठेवा.

आता माझी तक्रार. गेल्या पावसाळ्यात एका संस्थेच्या वृक्षारोपणाला गेलो होतो. चोरलच्या बाजूला, साग-पळसाचं रान. नर्सरीच्या काळ्या पिशव्या फाडल्या, मातीसकट गांडूळ बाहेर आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी गांडूळखताचं टब आणून जिवंत गांडुळांसह पाचोळ्यावर उपडं केलं. मी हटकलं, तर उत्तर आलं, “काका, गांडूळ तर शेतकऱ्याचा मित्र! तुम्हाला काय त्रास?” शेतकऱ्याचा मित्र आहेच, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण रान म्हणजे शेत नव्हे! तिथे नांगरायला कुणी बोलावलेलं नसतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग हिमयुगात बर्फाखाली होता. बर्फ हटल्यावर तिथे जी जंगलं वाढली, ती हजारो वर्षं गांडुळांशिवाय वाढली. युरोपातून आलेल्या लोकांबरोबर, कुंड्यांतून, जहाजांत वजनासाठी भरलेल्या मातीतून गांडूळ पोचले. पुढे मासेमारीचं उरलेलं आमिष लोकांनी तळ्याकाठी टाकलं. मिनेसोटाच्या मेपलच्या रानांत पाचोळ्याचा जाड थर काही वर्षांत नाहीसा झाला.

सूक्ष्मजीवांचं काय होतं? पाचोळा हलकेच उचला, खाली पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसेल. लाकडातलं चिवट लिग्निन पचवणारी ती बुरशी. गांडूळ पानं मातीत ओढतो, ते जाळं तुटतं. त्याच्या ओल्या, चिकट आतड्यात मातीतले झोपलेले जिवाणू जागे होतात, विष्ठेतून भरभरून बाहेर पडतात. वरच्या थरातलं सूक्ष्मजीवांचं जग आटतं, खालच्या मातीत मात्र ते वाढूही शकतं. म्हणजे एकूण आकडा बघून फसू नका, कोण गेलं आणि कोण आलं ते बघा. नायट्रोजन घाईने मोकळा होतो, पावसात वाहून जातो. मेपलच्या मुळांवरची मायकोरायझा घटते, रोपं तग धरत नाहीत. आणि एकदा पसरलेला गांडूळ रानातून परत काढता येत नाही.

आपल्याकडे? दक्षिण अमेरिकेचा पोंटोस्कोलेक्स नावाचा गांडूळ केरळच्या रबराच्या मळ्यांत केव्हाच स्थिरावलाय. खताच्या टबातला आयसेनिया शेण-कचऱ्यावर जगणारा, माळव्याच्या कोरड्या रानात बहुधा टिकणार नाही. माझी खरी भीती पिशवीतल्या मातीची आहे; तिच्यात कोण आहे, हे कुणी बघतच नाही. म्हणून या पावसाळ्यात रोपं घेताना नर्सरीवाल्याला विचारा, माती कुठली. रानात लावायची असतील तर बिया पेरा, किंवा तिथल्याच मातीत वाढवलेली रोपं न्या. आणि गांडूळखत घरच्या कुंडीत घाला, जंगलात नको.