तलवार आणि प्रभुभोजन : ख्रिस्ती विचारातील युद्ध, हत्या आणि स्वसंरक्षण

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गेथशेमाने बागेत येशूला धरायला माणसे आली तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान छाटला. येशूने पेत्राला आवरले आणि, शुभवर्तमानकार लूक सांगतो त्याप्रमाणे, त्या कानाला हात लावून तो बरा केला. मात्र त्याच रात्री थोडे आधी, ज्याच्याजवळ तलवार नाही त्याने वस्त्र विकून ती घ्यावी, असेही येशू बोलला होता. स्वसंरक्षणाच्या समर्थकांची भिस्त या वचनावर असते. मला ते पटत नाही. कारण शिष्यांनी दोन तलवारी दाखवताच तो ‘पुरे’ म्हणतो, आणि एवढ्या माणसांच्या रक्षणाला दोन तलवारी कशा पुरतील?

पेत्राला निःशस्त्र करताना प्रभूने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केले, असे आरंभीच्या काळातील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन या तरुणाने ख्रिस्ती असल्याचे सांगून सैन्यभरती नाकारली आणि त्यासाठी त्याचा शिरच्छेद झाला. पुढे रोमन साम्राज्यच ख्रिस्ती झाले आणि प्रश्न पालटला.

त्या काळातील बिशप ऑगस्टीनचे उत्तर आपल्या नेहमीच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मारणे क्षम्य आणि इतरांसाठी शस्त्र उचलणे शंकास्पद, असे आपण मानतो. ऑगस्टीन मात्र पब्लिकोला नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात स्वतःसाठी मारण्याला संमती देत नाही, आणि सैनिकाला किंवा अधिकाऱ्याला जी मुभा देतो तीही इतरांच्या किंवा नगराच्या रक्षणापुरतीच. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षणाला वाव दिला, पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरणे त्याने अन्याय्य ठरवले. युद्धासाठी त्याने वैध अधिकार, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू या तिन्ही गोष्टी आवश्यक मानल्या.

आपल्या मंडळ्या, म्हणजे चर्चे, बहुधा वैध अधिकाराच्या पहिल्या अटीपाशीच थांबतात. सोलापूरकरांना तरी हे थांबणे परवडू नये. १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. फाशी देणाऱ्या सत्तेचा राजा ख्रिस्ती होता आणि वैध अधिकाराचे कागद तिच्यापाशी होते. न्याय्य कारणाचे काय, हे तिला कोणत्या व्यासपीठावरून विचारले गेले?

मारणे काही प्रसंगी टळत नाही, हे मी मान्य करतो. दुबळ्यावर होणारा हल्ला पाहत राहणे म्हणजे अहिंसा नव्हे. पण टळले नाही म्हणून ते निर्मळ ठरत नाही, आणि चौथ्या शतकातील संत बेसिल याबाबत फार स्पष्ट आहे. युद्धातील वधाला पूर्वजांनी खून मानले नाही, हे तो नोंदवतो. तरीही अशा सैनिकांचे हात शुद्ध नसल्याने त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून, दूर राहावे, असे सुचवतो. युद्धात विजय मिळाल्यावर उपकारस्तुतीची उपासना ठेवणाऱ्या मंडळ्यांनी बेसिलचा हा नियम त्याच उपासनेत मोठ्याने वाचावा, अशी माझी विनंती आहे.