शिडीवरचं घर: मुंबईची शिरगणती

(दृश्य: धारावीतली बोळ. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात.)

खाली शिलाईचा कारखाना. दाराला लागून भिंतीवर उभी लोखंडी शिडी, वर पत्र्याचा दरवाजा, दरवाजाबाहेर वाळत घातलेले कपडे. दारोदार फिरून माणसं मोजणाऱ्या प्रगणकाने मान वर केली नाही, तर हे अख्खं बिऱ्हाड मुंबईच्या लोकसंख्येतून वजा.

2011च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या भरली 1,24,42,373. त्यानंतरच्या फेरतपासणीत देशभरात दर हजारी सुमारे 23 माणसं मोजायची राहिल्याचं दिसलं. शहरांत ही गळती खेड्यांपेक्षा जास्त. 2021ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता संदर्भाचा क्षण आहे 1 मार्च 2027, रात्रीचे बारा. रेशनवरच्या धान्याचे कोटे तोवर 2011च्याच आकड्यांवर चालले आहेत.

कुलूपबंद दारं आणि तुसडी माणसं यांच्यावर खापर फुटतं खरं. पण बरीच गळती त्याआधीच, नकाशात होते.

(दृश्य: कागदावरचा नजरी नकाशा. चौकोन म्हणजे पक्की इमारत, त्रिकोण म्हणजे कच्ची.)

एका प्रगणकाकडे साधारण 650 ते 800 लोकवस्तीचा एक गट. अशा सहा गटांवर एक पर्यवेक्षक. गटाच्या वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात करून इमारतींना सलग क्रमांक द्यायचे, आणि इमारतीतल्या प्रत्येक जनगणना घराला कंसात पोटक्रमांक: 7(1), 7(2). रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून ज्याला स्वतंत्र मुख्य दार आहे आणि जे स्वतंत्रपणे वापरलं जातं, ते जनगणना घर. म्हणून बाहेरून शिडी असलेला माळा वेगळा धरायचा. शिडी कारखान्याच्या आतून असेल, तर घर एकच. पण वर वेगळी चूल पेटत असेल, तर कुटुंब वेगळं लिहायचं.

आता नकाशा मोबाइलवर आला आहे, इमारतीचं ठिकाणही त्यावरच टिपायचं. मात्र तीन फुटी बोळीत जीपीएसचा ठिपका शेजारच्या छपरावर जाऊन बसतो. शिवाय खालचं घर आणि वरचं घर, दोघांचा ठिपका एकच. तिथे अ‍ॅप कामाला येत नाही, पायच लागतात. नाल्याकाठची घरं तर ठरलेली फसगत: अलीकडचा म्हणतो ती पलीकडच्याची, पलीकडचा म्हणतो अलीकडच्याची. शेजारच्या दोन प्रगणकांनी हद्द एकदा सोबत चालून पाहिली, की हा घोळ मिटतो.

(दृश्य: गाळ्यात एका ओळीत झोपलेले कामगार. दुपारचे दोन.)

हे रात्रपाळीचे. दिवसपाळीचे तितकेच बाहेर कामावर आहेत. मालक सांगतो, ‘चौघं राहतात.’ त्याला भीती परवान्याची आणि भाडेकराराची. जनगणना कायदा 1948चं कलम 15 त्याला सांगावं लागतं: हे तपशील कोणाला पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मग विचारायचं, जेवण कुठे होतं? नात्यागोत्याची नसलेली माणसं एकाच पातेल्यातलं जेवत असतील, तर ते एकच कुटुंब. स्टो वेगवेगळे, तर कुटुंबं वेगवेगळी.

टॉवरमध्ये उलटा प्रकार. लिफ्टपाशी अडवणारा वॉचमन स्वतः जिन्याखालच्या खोपटात राहतो, आणि त्याचीच नोंद राहून जाते. सोसायटीच्या यादीत असं खोपट कुठे असतं?

दारात उभं राहून ‘घरात किती माणसं?’ असं विचारूच नये. उत्तरात तान्हं मूल नसतं. कुटुंबप्रमुखापासून एकेक नाव घ्यायचं आणि शेवटी मुद्दाम: ‘अजून कोणी? पाळण्यातलं?’ बाईला नवऱ्याचं नाव घ्यायचं नसेल, तर कायदाही सक्ती करत नाही, शेजारीण सांगते. स्वगणना केलेल्या, म्हणजे ऑनलाइन स्वतःच माहिती भरलेल्या घरांतही प्रगणकाला जावंच लागतं, ओळख क्रमांक जुळवायला.

(दृश्य: जमीनदोस्त झालेली चाळ. पत्र्याचं कुंपण.)

जनगणना दोन टप्प्यांत होते: आधी घरयादी, मग माणसांची प्रत्यक्ष मोजणी. दोन्हींच्या मध्ये काही महिने जातात. तेवढ्यात पुनर्विकासवाल्याने वस्ती पाडलेली असते. यादीत दीडशे घरं, जागेवर खड्डा. लोक संक्रमण शिबिराच्या तात्पुरत्या खोल्यांत, म्हणजे दुसऱ्याच प्रगणकाच्या गटात, आणि त्याच्या यादीत त्या खोल्यांपुढे ‘रिकामी’ लिहिलेलं. त्याने जुन्या यादीवर विसंबून खोली वगळली, की माणूस दोन्हीकडून गेला.

(दृश्य: उड्डाणपुलाखाली रात्र.)

बेघरांची मोजणी एकाच रात्रीत. 2011ला ती 28 फेब्रुवारीची होती. मुंबईत सुमारे 57 हजार बेघर नोंदले गेले, आणि हा आकडा फार कमी असल्याचं बेघरांसोबत काम करणारे तेव्हापासून सांगत आहेत. कारण उघड आहे. लवकर गेलात तर फूटपाथवरच्या फेरीवाल्यांनी अजून दुकान आवरलेलं नसतं, पथाऱ्या पडलेल्या नसतात. उशीर केलात तर माणूस तोंडावर चादर ओढून झोपलेला. चादरीखाली एक आहे की आई-मूल, हे उठवल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्या जागा आधीच्या आठवड्यात रात्री फिरून हेरून ठेवायच्या: स्टेशनाबाहेरचा कट्टा, दर्ग्याची भिंत, पाइपलाइनचा कठडा.

2011ला 1 ते 5 मार्च पुन्हा दारोदार फेरी झाली. तेच तक्ते, तीच घरं. 1 मार्च लागतानाच्या बाराच्या ठोक्याआधी जन्मलेलं मूल तक्त्यात वाढवायचं, मृताचं नाव खोडायचं. आणि नव्या बिऱ्हाडाला एकच प्रश्न: ‘आधी कुठे नाव लिहून घेतलंय का?’ उत्तर ‘नाही’ असं आलं, की तक्ता पुन्हा पहिल्या रकान्यापासून.