वाजवून घेतलेलं जहाज

(दृश्य: एस्टोनियाची राजधानी टालिन, काड्रिओर्गचा किनारा. ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर ब्राँझचा देवदूत. मागे राखाडी समुद्र.)

देवदूताच्या हातातला क्रूस समुद्राकडे धरलेला आहे. सप्टेंबर 1893 मध्ये 'रुसाल्का' ही रशियन युद्धनौका इथून, तेव्हाच्या रेवेलहून, हेलसिंकीकडे निघाली. ती पोहोचलीच नाही. 177 माणसं होती.

(दोन क्षण फक्त वाऱ्याचा आवाज.)

पण ही रुसाल्का त्याआधीही एकदा बुडता बुडता वाचली होती. 1869 साली, फिनलंडच्या किनाऱ्याजवळच्या खडकांत. भोक अगदी लहान होतं, तरी पाणी आवरेना. जहाजावर विशीतला एक तरुण नौदल अधिकारी होता, स्तेपान मकारोव. एवढ्याशा भोकानं एवढं मोठं जहाज कसं जातं, हा प्रश्न त्यानं जन्मभर सोडला नाही. पुढच्याच वर्षी त्याचा लेख छापून आला. आत शिरलेलं पाणी कुठून कुठे जातं, ते कुठे अडवायचं, भोकावर बाहेरून जाड चटई कशी ओढायची, हे सगळं त्यात होतं.

(दृश्य: लेनुसादाम बंदर. 'सूर टोल'चं नाक, पाण्यापासून वरपर्यंत. रिव्हेटच्या रांगा, अगदी जवळून.)

हे 'सूर टोल'. वाफेवर चालणारं, बर्फ फोडणारं जहाज. बांधणी 1914 ची, श्टेटिनमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्चेचिनला. त्याच्या नाकाचा उतार पाहा. बर्फ फोडणारं जहाज बर्फावर चढतं आणि आपल्या वजनानं तो खाली दाबून मोडतं. 1864 साली सेंट पीटर्सबर्गजवळच्या क्रोनश्टाट बंदरातल्या मिखाईल ब्रित्नेव्हनं आपल्या लहानशा 'पायलट' बोटीचं नाक तिरकं छाटून ही युक्ती करून दाखवली. मोठ्या समुद्रावर ती नेली मकारोवनं. त्याच्या जहाजाचं नाव 'येर्माक'.

(दृश्य: बॉयलरची तोंडं, शिडी, इंजिनाचे दांडे.)

येर्माकची ऑर्डर 1897 च्या अखेरची. बांधणी इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलला टाइन नदीकाठी, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थच्या यार्डात. इंजिनं 10,000 अश्वशक्तीची. पाण्यात फिरून जहाज ढकलणारे पंखे, म्हणजे प्रोपेलर, तीन मागे, एक पुढे.

असं जहाज तपासायचं म्हणजे काय, हे इथे नीट पाहायला हवं. नवं जहाज पाण्यात उतरलं की सगळ्यांचं लक्ष फीत आणि बँडकडे असतं, तपासणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही. त्याचं काम तर पोलाद गिरणीतून येतं तेव्हापासून सुरू झालेलं असतं. पत्र्याची पट्टी कापून यंत्रात ताणायची, तुटेपर्यंत. दुसरी पट्टी थंडच वाकवायची. वाकताना तडा गेला तर तो माल परत. बॉयलरमध्ये वाफ भरण्याआधी पाणी भरायचं आणि रोजच्या कामापेक्षा बराच जास्त दाब द्यायचा. पाणी फुटलं तर गळतं, वाफ फुटली तर माणसं मरतात. आणि मग रिव्हेट, आपल्याकडच्या कारखान्यांतल्या भाषेत रिपीट. सर्व्हेअर, म्हणजे हा तपासणारा माणूस, हातात लहान हातोडी घेऊन एकेका रिव्हेटवर ठोका देतो. घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सैल असेल तर बद्द. कुंभाराकडून मडकं घेताना आपण बोटानं वाजवून घेतो, तसंच.

(दृश्य: हात, हातोडी. नैसर्गिक आवाज.)

जहाजं तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या लंडनच्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेनं 1853 पासून जहाजाच्या दर्जापुढे माल्टीज क्रॉस ही क्रूसाची खूण लावायला सुरुवात केली. त्या खुणेचा अर्थ असा की जहाज बांधताना सर्व्हेअर हजर होता. बांधून झालेल्या जहाजाच्या पोटात काय झाकलं गेलंय, ते नंतर कुणालाच दिसत नाही. आपल्याकडे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग 1975 मध्ये मुंबईत सुरू झालं, तेही याच कामासाठी. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आज असं तपासलेल्या जहाजांवर झोपतात.

(दृश्य: दोन कप्प्यांमधली जाड पोलादी भिंत, तिच्यातलं जलरोधक दार.)

येर्माकसाठी मकारोवनं मात्र आणखी एक अट घातली. भिंती कागदावर भक्कम आहेत, एवढं त्याला चालणार नव्हतं. जहाजाचे कप्पे खरोखर पाण्यानं भरून पाहायचे. आत टनावारी पाणी, पलीकडे कोरडा कप्पा, मधे ही एवढी भिंत. ती फुगते का, शिवणीतून थेंब येतो का, ते माणसानं उभं राहून बघायचं. रुसाल्कावर त्या विशीतल्या पोरानं जे पाहिलं होतं, ते इथे बंदरात, जमिनीलगत, कुणाचा जीव न घेता पाहून घ्यायचं होतं.

(दृश्य: गोठलेलं आखात, संग्रहातली छायाचित्रं.)

मार्च 1899 मध्ये येर्माक फिनलंडच्या आखातातला बर्फ फोडत क्रोनश्टाटला आलं. लोक बर्फावरून धावत त्याला सामोरे गेले.

त्याच उन्हाळ्यात आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या उत्तरेला ध्रुवीय बर्फानं त्याच्या नाकाला इजा केली आणि पुढे भोक पडलं. पुढचा पंखा काढावा लागला, नाक नव्यानं बांधावं लागलं. मकारोव 1904 मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट आर्थरजवळ दुसऱ्याच एका जहाजासकट, युद्धनौकेसकट, गेला. येर्माक 1960 च्या दशकापर्यंत काम करत राहिलं.

(दृश्य: सूर टोलची पुढची इंजिन खोली. दांडा नाकाच्या दिशेनं अंधारात जातो.)

ध्रुवाकडच्या बर्फात जो पुढचा पंखा टिकला नाही, तो बाल्टिकमध्ये मात्र चालला. सूर टोलला तो आहे. हा त्याचा दांडा. तो नाकाखालचं पाणी खेचून घेतो, बर्फाखालचा आधार सुटतो आणि बर्फ लवकर मोडतो.

(दृश्य: पुन्हा नाकावरची रिव्हेटची रांग. जहाजाचा जुना खलाशी हातोडीनं एकेक ठोका देत पुढे जातो. निवेदन नाही. शेवटच्या ठोक्यानंतर पडदा काळा.)