निळा शर्ट

(दृश्य : पावसाळी संध्याकाळ. होळकर पुलाचा कठडा. छत्र्या, रेनकोट, उंचावलेले मोबाइल. खाली गढूळ पाणी.)

गंगेला पूर आला की नाशिककर घरात बसत नाही. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की किती क्युसेक सोडलं हे कोणी विचारत नाही. विचारतात, मारुतीला कुठपर्यंत लागलं? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाणी वर सरकू लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या माळ्यावर चढवतात आणि बाकीचं गाव पुलावर जमतं. २००८ ला जमलं, २०१६ ला जमलं, २०१९ ला तर मारुती दिसेनासा झाला तरी लोक हलले नाहीत.

मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पूर पाहिलाय. एखादा पत्रा, ओंडका वाहत आला की अख्ख्या पुलावरून एकच आवाज उठतो, ‘ओऽऽ ओऽऽ’. मला तो आवाज आवडायचा. पुढे तोच आवाज एकदा भर रस्त्यात ऐकला. काढणाऱ्यांत मी होतो.

(दृश्य : द्वारका चौक, उड्डाणपुलाखाली. संध्याकाळची वर्दळ. काही क्षण फक्त हॉर्न.)

द्वारका चौकाच्या थोडं अलीकडे, उड्डाणपुलाखाली. साडेसहाची वेळ, कंपन्यांची शिफ्ट सुटलेली. एका टेम्पोचा धक्का लागून बाइकवरचा पोरगा उडाला. ‘ओऽऽ’ झालं. मग सगळे थांबले.

मला काय आठवतं सांगू? बाइक आडवी पडली होती आणि तिचा इंडिकेटर तसाच चालू होता. टिक, टिक, टिक. पोराच्या सॅकमधून डबा बाहेर पडला होता. त्याचं झाकण गोल गोल फिरत एका रिक्षाच्या चाकाला जाऊन टेकलं. डब्यात अर्धी पोळी शिल्लक होती. एवढं मला दिसत होतं, कारण बघण्याशिवाय मी दुसरं काहीच करत नव्हतो.

चाळीसेक माणसं असतील. सगळ्यांच्या खिशात फोन, पाचसहा जणांच्या हातात, त्यातल्या दोघांचे कॅमेरे चालू. चर्चा मात्र जोरात. चूक टेम्पोवाल्याचीच. नाही हो, पोरगंच सुसाट होतं. हेल्मेट होतं का? पाणी पाजा. नका पाजू. मी मनात म्हणत होतो, अँब्युलन्सला कोणीतरी फोन लावलाच असेल.

चार मिनिटं गेली असतील. आणि मग आवाज आला.

‘ओ, निळा शर्ट! तुम्ही! हां, तुम्हीच. एकशेआठला फोन लावा.’

फुटपाथवर मेथीच्या जुड्या घेऊन बसणारी एक मावशी. गर्दी कोपरानं बाजूला करत आत शिरली होती आणि बोट थेट माझ्याकडे. मी फोन लावला. पलीकडच्या ताईंनी पत्ता विचारला, पेशंट शुद्धीवर आहे का विचारलं. मी, का कोण जाणे, उलट त्यांनाच विचारलं, ‘याआधी कोणाचा फोन आलाय का इथून?’

‘नाही सर. तुमचाच पहिला आहे.’

तोवर मावशीचं पुढचं सुरू. ‘ए रिक्षा, तुझी गाडी मागं आडवी लाव, कोणी वरून जाईल त्याच्या.’ ‘चष्मेवाले, मान धरू नका त्याची, उचलू नका, राहू द्या तसाच.’ ‘पोरा, तू तो व्हिडिओ बंद कर आणि कोपऱ्यावर उभा राहा, अँब्युलन्स दिसली की हात दाखव.’ अर्ध्या मिनिटात बघ्यांतल्या चार माणसांना चार कामं लागली. आणि गंमत बघा, एकानंही नाही म्हटलं नाही.

(दृश्य : अंधार. हळूहळू धूर भरत जाणारी रिकामी खोली.)

आता जरा लांब जाऊ. १९६८, न्यूयॉर्क. बिब लाटाने आणि जॉन डार्ली हे दोन मानसशास्त्रज्ञ. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून त्यांनी फॉर्म भरायला दिले आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायला सुरुवात केली. खोलीत एकटा असलेला विद्यार्थी उठायचा, वास घ्यायचा, बाहेर जाऊन सांगायचा. २४ पैकी १८ जणांनी सांगितलं. मग त्याच खोलीत त्यांनी आपली दोन माणसं बसवली, धूर दिसला तरी खांदे उडवून लिहीत राहायचं, असं पढवलेली. आता दहा विद्यार्थ्यांपैकी उठला फक्त एक. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, कागद दिसावा म्हणून हातानं धूर बाजूला सारत होते, आणि फॉर्म भरत होते! नंतर विचारलं तर कोणी म्हणालं वाफ असेल, कोणी म्हणालं एसीचं काहीतरी. दोघांना तर तो खरं बोलायला लावणारा गॅस वाटला.

हसू येतं. पण द्वारकेला मी तेच करत होतो. शेजारचा शांत आहे म्हणजे फार काही नसावं, असं मला वाटत होतं. शेजारचा माझ्याकडे बघून तेच ठरवत होता.

त्यांचा दुसरा प्रयोग मला जास्त लागतो. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, बोलणं फक्त माइकवर. बोलता बोलता एकाला फिट येते, शब्द अडखळतात, तो मदत मागतो. ते सगळं आधी रेकॉर्ड केलेलं, पण ऐकणाऱ्याला ते कुठे ठाऊक! ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के त्याचं बोलणं तुटायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यातले ३१ टक्के. जे उठले नाहीत ते निवांत बसले होते का? मुळीच नाही. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. फोन माझ्या हातातून घामानं निसटत होता, हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नव्हतं.

या प्रयोगांमागे एक खून होता. १३ मार्च १९६४ ची पहाट, न्यूयॉर्कमधली क्वीन्स वस्ती, किटी जिनोव्हीज नावाची २८ वर्षांची तरुणी. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की ३८ शेजाऱ्यांनी तिचा खून पाहिला आणि हल्ला चालू असताना एकानंही पोलिसांना फोन केला नाही. ती बातमी जगभर गेली, पाठ्यपुस्तकांत गेली. ती बरीचशी फुगवलेली होती. सगळा प्रकार दिसावा अशा जागी फारच थोडे होते. एकानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हुसकावलं होतं, तो नंतर परत आला. आणि एक शेजारीण मारेकरी अजून आसपास असेल याची पर्वा न करता खाली धावली, किटीला कवेत धरून बसली. बातमीत तिला जागाच मिळाली नव्हती. २०१६ मध्ये मारेकरी तुरुंगात मेला, तेव्हा त्याच वर्तमानपत्रानं लिहिलं की आमची ती बातमी सदोष होती. म्हणजे बावन्न वर्षं ‘माणुसकी मेली’ हेच शिकवलं गेलं आणि जी माणूस म्हणून वागली तिचा पत्ताच नाही. आपल्याकडेही व्हायरल होणाऱ्या व्हिडिओत गर्दी दिसते. फोन लावणारा फ्रेमच्या बाहेर असतो, कारण तो फोन लावत असतो.

२०१९ मध्ये काही संशोधकांनी अॅमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर या शहरांतल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांची चित्रं तपासली. २१९ भांडणं. दर दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलंच होतं, आणि माणसं जितकी जास्त तितकी कोणीतरी पडण्याची शक्यता जास्त. मग लाटाने-डार्ली खोटे ठरले का? मला नाही वाटत. गर्दीत ‘कोणीतरी’ असतंच. घोटाळा एवढाच की प्रत्येकाला तो ‘कोणीतरी’ दुसराच वाटतो.

(दृश्य : सकाळ. तोच फुटपाथ. मेथीवर पाणी शिंपडणारे हात.)

आठवड्यानं मावशीकडे गेलो. ‘वाचला तो,’ मी विचारायच्या आत म्हणाली. ‘पायात सळई घातलीये म्हणे. भाऊ आला होता त्याचा, बाइक न्यायला.’

म्हटलं, मावशी, माझ्यावरच का बोट दाखवलंत?

‘शर्ट दिसला म्हणून. आता सगळ्यांना सांगितलं असतं, फोन करा रे, तर कोणी केला असता? माझ्या घरी पाच पोरं. दार वाजलं आणि मी म्हटलं, बघा रे कोणीतरी, तर एक उठायचा नाही. नाव घ्यावं लागतं. तुमचं नाव माहीत नव्हतं, मग शर्ट.’ मग जुडी पुढे करून म्हणाली, ‘घेणार का? सकाळचीच आहे.’

दोन जुड्या घेतल्या.

(दृश्य : चहाची टपरी. ग्लास, वाफ, चेहरे दिसत नाहीत.)

पण पुलावरच्या, चौकातल्या सगळ्यांनाच गर्दीची भूल पडते असंही नाही. काही जण हिशेब करून मागे राहतात. टपरीवर विषय काढला तर वाक्यं ठरलेली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. दवाखान्यात नेलं की आधी डिपॉझिट मागतात. पोलीस म्हणतात, तूच ठोकलंस. जबाबाला दहा चकरा. हे सगळं कोणी हवेतून आणलेलं नाही, कोणाच्या तरी काकाच्या, मेव्हण्याच्या बाबतीत ते घडलेलं असतं. त्यामुळे अशा माणसाला ‘तुम्हाला काळीज नाही का’ असं विचारणं मला पटत नाही. त्याला कायदा सांगायला हवा, तोही टपरीच्याच भाषेत.

तर ऐका. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय की जखमी दारात आला की आधी उपचार, पोलिसांची कागदं मागाहून, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. ३० मार्च २०१६ ला त्याच कोर्टानं अपघातात मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम देशभर लागू केले. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेनं मदत करताना काही कमीजास्त झालं, जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती नाही. दवाखान्यात पोचवून लगेच निघून जाता येतं, पैसे भरा म्हणून अडवता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी, आणि पोलीस घरी येणार असतील तर साध्या वेशात, म्हणजे चाळीत चर्चा नको. हे हक्क दवाखान्याच्या दाराशी मराठीत लावलेले असले पाहिजेत, असाही नियम आहे. पुढच्या वेळी कोणाला भेटायला दवाखान्यात जाल तेव्हा फळं कुठे मिळतात ते बघून झालं की हा फलकही शोधा.

बक्षीसही आहे. गंभीर जखमीला तासाभराच्या आत दवाखान्यात पोचवणाऱ्याला २०२१ च्या योजनेत ५,००० रुपये होते, आता ‘राह-वीर’ योजनेत २५,००० आहेत. चांगलं आहे. पण माझ्या पाहण्यात पैसे मिळतील म्हणून कोणी वाकत नाही. पोलीस स्टेशनची चक्कर पडणार नाही, याची खात्री पटली तर वाकतो.

(दृश्य : रामकुंड. दशक्रिया विधी, कबुतरं, प्लास्टिकचे रिकामे कॅन दोरीला ओवलेले.)

आणि पाणी? पाण्यात धावून जाणं प्रत्येकाचं काम नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. गोदाघाटावर पट्टीची पोहणारी पोरं आहेत, त्यांनी बाहेर काढलेली माणसं आज हिंडतायत. पण ती पोरं याच घाटावर वाढलीत. कुठे भोवरा आहे, कुठे पायरी तुटलीय, हे त्यांच्या पायांना माहीत आहे. बाहेरून आलेला माणूस बुडणाऱ्या भावाला वाचवायला उडी मारतो आणि पेपरात दोन फोटो येतात.

दुसरं, बुडणारा माणूस ओरडत नाही. श्वास घ्यायचीच मारामार, ओरडणार कशानं? तो पाण्यावर हात दाबत राहतो, तोंड वर-खाली होतं, आणि काठावरच्यांना वाटतं खेळतोय. इथेही सगळे एकमेकांकडे बघतात, आणि मिनिटभरात खेळ संपतो.

रामकुंडावर गंगाजल न्यायला पाच लिटरचे रिकामे कॅन विकायला टांगलेले असतात. झाकण घट्ट लावलेला असा एक कॅन फेकला तर माणसाला छातीशी धरून तरंगता येतं. दोरी बांधून फेकला तर ओढूनही घेता येतं. ओढणी चालते, उपरणं चालतं, काठी चालते. काठावर आडवं पडून फेकायचं, म्हणजे आपण ओढले जात नाही. आणि फेकता फेकता कोणाच्या तरी शर्टाचा रंग हाकारून ११२ लावायला सांगायचं. २०२७ च्या सिंहस्थात याच पायऱ्यांवर लाखो माणसं उतरतील. बहुतेकांना एकमेकांची नावं माहीत नसतील.

(दृश्य : पुन्हा होळकर पूल. यंदाचा पाऊस.)

यंदाही गेलो होतो पूर बघायला. सवय जात नाही. शेजारी सतराअठरा वर्षांचा एक मुलगा कठड्यावर पोट टेकवून बाहेर झुकला होता, सेल्फीत मारुती यावा म्हणून. मागे त्याचे मित्र हसत होते. आजूबाजूला शंभरेक माणसं, आणि बहुतेकांना तो दिसत होता. मी दोनदा इकडे तिकडे पाहिलं, कोणी बोलतंय का म्हणून.

मग म्हटलं, ‘ए लाल टी-शर्ट, मागे हो. तूच, लाल टी-शर्ट.’

तो मागे झाला. केस सारखे केले, आणि मित्रांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘काका, तुमचं काय जातंय?’

मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं.